खोटी सुनावणी, खरी तयारी

(तालुका मेळाव्यात संघटनेच्या तरुण कार्यकर्त्यांनी केलेलं भाषण. बोललं तसंच ठेवलं आहे. पाड्यावर ज्याला वाचता येतं त्यानं मोठ्यानं वाचून दाखवावं.)



मागच्या उन्हाळ्यात आपल्या पाड्यांवर शहरातल्या लॉ कॉलेजची दहा पोरं-पोरी आणि त्यांच्या एक मॅडम येऊन राहिल्या होत्या. तीन दिवस होते सगळे. ज्यांनी बघितलं त्यातल्या काहींनी आम्हाला विचारलं, "हे नाटक कशापायी चाललं होतं? कुणी साहेब झालाय, कुणी गार्ड झालाय, सगळे टेबल मांडून बसलेत. आपल्याला काय कामं नाहीत?" विचारणं बरोबरच आहे. मोहाचे दिवस, राबाचे दिवस, त्यात हे. म्हणून आज त्याचा हिशोब द्यायला आम्ही उभे आहोत.

ते नाटक नव्हतं. ती खोटी सुनावणी होती. म्हणजे प्रांतसाहेबांपुढं जी खरी सुनावणी होते, तशीच हुबेहूब आपल्या पाड्यावर करून बघायची. ती का केली, त्यात आमचं काय चुकलं, पोरांचं काय चुकलं, आणि पुढं प्रत्येक पाड्यानं काय करायचं, एवढंच सांगतो.

पत्रातली एक ओळ

आपल्यातल्या कितीतरी घरांत ते पत्र आलेलं आहे. वर मोठा शिक्का, खाली सही, आणि मधे एक ओळ: "पुराव्याअभावी दावा अमान्य." चार पिढ्या कसलेली जागा, आणि एका ओळीत संपली. आम्ही अशी पत्रं गोळा केली. कोणता पुरावा कमी पडला, ते एकातही लिहिलेलं नव्हतं. दावेदारांना विचारलं, "सुनावणीत काय झालं?" तर बहुतेकांनी एकच सांगितलं, "साहेबांनी काहीतरी विचारलं, आम्ही काहीतरी सांगितलं, मग म्हणाले जा."

हे "काहीतरी विचारलं" आणि "काहीतरी सांगितलं" याच्या मधेच आपली जमीन गेली. वनहक्क कायदा २००६ साली झाला, त्याचे नियम २००८ साली आले, २०१२ साली ते सुधारले. कायदा आपल्या बाजूचा आहे. पण कायदा कागदावर असतो, आणि सुनावणी माणसात होते. त्या पाच मिनिटांत तोंडातून काय निघतं आणि कारकून काय लिहितो, यावर सगळं ठरतं. त्या पाच मिनिटांची तयारी आपण कधी केली होती? कधीच नाही. भाताची आवणी करायची तर आधी राब भाजतो, रोप तयार करतो. सुनावणीला मात्र तसेच उठून जातो.

ती पोरं कशी शिकतात

आम्हाला वाटायचं, वकिलीची पोरं म्हणजे त्यांना सगळं येत असणार. तसं नाही. त्यांच्या मॅडमनी स्वतः सांगितलं. वर्गात कलमं शिकवतात, मोठ्या कोर्टाचे निकाल वाचून घेतात, परीक्षेत ते लिहायचं. माणूस समोर बसवून त्याचं दुखणं ऐकायचं कसं, हे त्यात येत नाही. मॅडम म्हणाल्या की अमेरिकेत १९३३ साली जेरोम फ्रँक नावाच्या वकिलानं हाच प्रश्न लिहून विचारला होता. डॉक्टर होणारा पोरगा दवाखान्यात, पेशंटजवळ शिकतो; मग वकील होणारा तसा का शिकत नाही?

आपल्या देशात १९९७ साली बार कौन्सिलनं ठरवलं की लॉ कॉलेजांनी प्रॅक्टिकलचे चार पेपर घ्यायचे. त्यातल्या एका पेपरचे १०० मार्क असे वाटले आहेत: सरावाच्या कोर्टात वाद घालायला ३०, खऱ्या कोर्टात बसून खटले बघायला ३०, अशिलाशी बोलणं आणि खटल्याची तयारी याला ३०, आणि तोंडी परीक्षेला १०. सरावाच्या कोर्टाला ते मूट कोर्ट म्हणतात.

पहिल्या रात्री जेवण झाल्यावर त्या पोरांनी आपल्या शाळेच्या पडवीत मूट कोर्ट करून दाखवलं. दोन पोरं या बाजूला, दोन त्या बाजूला, मॅडम जज्ज. बोलले झकास. सर्वोच्च न्यायालय असं म्हणालं, अमुक कलमाचा अर्थ तमुक. आपली माणसं कौतुकानं ऐकत होती. मग मागं बसलेल्या एका आज्यानं विचारलं, "पण त्या माणसानं जागा कसली होती का नव्हती? ते कुणीच नाय इचारलं."

सगळे गप्प. मग मॅडमनी समजावलं. मूट कोर्टात हकिगत आधीच छापून हातात देतात. कोण कसत होता, कधीपासून, काय घडलं, हे दोन्ही बाजू मान्य करूनच उभ्या राहतात. भांडण फक्त कायद्याच्या अर्थाचं. मोठ्या कोर्टातलं अपील बहुतेक तसंच चालतं, म्हणून सरावही तसाच.

साथींनो, आम्हाला त्या रात्री खरी गोष्ट कळली. आपलं भांडण कायद्याच्या अर्थाचं फार थोडं आहे. आपलं सगळं भांडण हकिगतीचंच आहे. तू कसत होतास का? कधीपासून? कोण सांगतं? आणि जे भांडण आपल्याला रोज लढायचंय, त्याचा सराव ना त्या पोरांना आहे, ना आपल्याला. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही ठरवलं की आता छापील हकिगत नको. हकिगत आपली माणसं सांगतील, ती काढून घ्यायची त्या पोरांनी.

"ताबा" म्हणजे काय?

एक नामंजूर दावा घेतला. नाव बदललं, गट नंबर झाकला. ज्याचा दावा, तोच आजा दावेदार म्हणून बसला. एक पोरगा त्याचा वकील, एक पोरगी कारकून. पोरानं वही उघडली आणि विचारलं, "बाबा, सदर जमिनीचा ताबा आपल्याकडे केव्हापासून आहे?"

आजा म्हणाला, "ताबा नाय बा आमचा. ताबा फॉरेष्टचा. आम्ही नुसतं कसून खातो."

कारकून झालेल्या पोरीनं लिहिलं: "दावेदाराने ताबा नसल्याचे कबूल केले."

मॅडमनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. आज्याचा चेहरा उतरला. "मी असं कुठं बोललो?" पण बोलला तर होता. खोटं काहीच बोलला नव्हता. गार्डनं त्याला आयुष्यभर तेच ऐकवलं होतं की ताबा फॉरेष्टचा, म्हणून त्यानं ते खरं सांगून टाकलं. कायद्यात ताबा म्हणजे कोण तिथं राहतो, कोण कसतो. तो शब्द आज्याचा नव्हता, पोराचा होता. शब्द पोराचा चुकला आणि जमीन आज्याची जाणार होती. खऱ्या कचेरीत हेच होऊन गेलेलं असणार, हे तिथं सगळ्यांना दिसलं.

पोरगा खजील झाला. आम्ही त्याला म्हटलं, परत विचार, पण आपल्या बोलीत, आणि साल विचारू नको. आपल्या म्हाताऱ्यांना साल आठवत नाही, घडलेलं आठवतं. मग त्यानं विचारलं:

"बाबा, त्या जागेत पहिला राब कुणी भाजला?"

"माझ्या बापानं."

"मुंबई बुडाली त्या मोठ्या पावसात तिथं काय होतं?"

"नागली लावलेली. खालचा बांध फुटला, अर्धी नागली व्हाळात गेली. मग दिवाळी झाल्यावर आम्ही दगड रचून बांध घातला. शेजारचे दोघं मदतीला होते. ते दगड अजून हायेत, चल दाखवतो."

आता बघा या एका उत्तरात किती आहे. तो मोठा पाऊस २६ जुलै २००५ चा. कायद्यानं ठरवलेली तारीख १३ डिसेंबर २००५. त्या तारखेच्या आधी जागेत पीक होतं, हे निघालं. दगडी बांध निघाला, आणि जमीन सपाट केलेली, बांध घातलेला, हा नियम १३ मध्ये पुरावा म्हणून लिहिलेला आहे. मदतीला आलेले दोघं निघाले, म्हणजे साक्ष देणारी माणसं निघाली. नियम म्हणतो, यादीतले एकाहून जास्त पुरावे पाहिजेत. इथं तर एका प्रश्नातच मिळाले. पुरावा आज्याकडं पहिल्यापासून होता, विचारणाऱ्यानं तो काढला नव्हता.

साहेबाच्या खुर्चीत आपली बाय

दुपारी पूर्ण सुनावणी लावली. प्रांतसाहेब म्हणून बचत गटातली एक बाय बसवली, कारण कचेरीत सगळ्यात जास्त खेपा तिनंच घातल्यात. गार्ड म्हणून एक बाबा, ज्यांनी जन्मभर गार्डचा दंड भरला. त्यांना गार्डचं बोलणं तोंडपाठ.

एक पोरगा उठला. रात्री मूट कोर्टात सगळ्यात फर्डा तोच बोलला होता. "माननीय महोदय, सर्वोच्च न्यायालयाने..." एवढंच बोलला आणि बाय मान वर न करता म्हणाली, "कागद हाय का? नाय ना? पुढचा." पोरगा तसाच उभा. वही उलटीपालटी करायला लागला. सगळे हसले. तो काही बोलू शकला नाही, तशी बायनं खरंच पुढच्याला हाक मारली.

हसणं थांबल्यावर बाय म्हणाली, "मी काय वाढवून नाय केलं. माझ्याशी बोललेत, तेवढंच मी बोलली." मग मात्र कुणी हसलं नाही.

त्या पोरानं संध्याकाळी आम्हाला सांगितलं की कॉलेजात जज्ज त्याचं पूर्ण ऐकून घेतात, वेळ नेमून देतात. इथं ऐकूनच न घेणाऱ्या माणसापुढं काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. तो उद्या वकील होईल, कदाचित जज्ज होईल. तो त्या बायसमोर उभा राहिला होता हे त्यानं विसरू नये, एवढीच आमची इच्छा.

दुसऱ्या खेपेला तो मोठं भाषण घेऊन आला नाही. म्हणाला, "साहेब, दोनच गोष्टी नोंदवून घ्या. एक, वडीलधाऱ्यांचा जबाब जोडलाय. दोन, जागेवर दगडी बांध आहे. दावा मान्य होत नसेल तर कारण लेखी द्या." बायनं पहिल्यांदा मान वर केली.

मग गार्ड झालेले बाबा उठले. छाती पुढं काढून म्हणाले, "हा अतिक्रमणदार हाय. आमच्याकडं याच्या दंडाची पावती हाय." वकील पोरगी गोंधळली. आमच्यातला एक बसल्या जागेवरनं म्हणाला, "पावती कुठल्या सालची?" "अठ्ठ्याण्णवची." "म्हणजे अठ्ठ्याण्णव साली तो तिथं कसत होता हे तुम्हीच सांगताय." बाबा गार्डची छाती विसरले आणि स्वतःच टाळी वाजवली. नियम १२-अ मध्ये २०१२ साली स्पष्ट लिहिलं आहे की दंडाच्या पावत्या, अतिक्रमणदारांच्या याद्या, गुन्ह्याचे रिपोर्ट, एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही. उपग्रहाचा नकाशा बाकीच्या पुराव्याला जोड म्हणून चालतो, त्यांच्या जागी चालत नाही. अमुकच कागद आण असा हट्टही धरता येत नाही. ज्या पावत्या आपण भीतीनं पत्र्याच्या पेटीत दडवून ठेवल्या, त्या जपून ठेवा. तो आपल्या कसण्याचा पुरावा आहे.

आमच्या चुका

साहेबाच्या चुका सांगायला सोप्या असतात. पण तिसऱ्या दिवशी पोरांनी आमच्या फाइली उलटतपासल्या, तेव्हा आमच्या चुका निघाल्या. वनहक्क समितीत आम्हीच आहोत, फॉर्म आम्हीच भरलेत. म्हणून सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

पहिली चूक. वडीलधाऱ्याचा जबाब म्हणून आम्ही दावेदाराचाच जबाब जोडला होता. आज्याचं वय मोठं, मग आणखी कोण पाहिजे, असं आम्हाला वाटलं. नियमात आहे की दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा जबाब पाहिजे, आणि तो लिहून घेतलेला पाहिजे. बरेच जबाब यात वाया गेले.

दुसरी चूक. जागेची पाहणी केली तेव्हा वनखात्याला कळवलं होतं, पण तोंडी. पोच नाही. नियम १२-अ असं सांगतो की समितीनं कळवल्यावर वनखात्याच्या आणि महसूलच्या माणसांनी पाहणीला हजर राहायचं आणि पंचनाम्यावर हुद्दा, तारीख घालून सही करायची. ते आले नाहीत आणि मागाहून प्रांताच्या समितीत हरकत घेतली, तर दावा फेरपाहणीला ग्रामसभेकडं परत येतो. दुसऱ्यांदाही आले नाहीत, तर पाहणीबद्दल ग्रामसभेचा निर्णय अखेरचा. एवढं मोठं हत्यार आपल्या हातात, पण कळवल्याचा कागद नाही म्हणून ते बोथट.

तिसरी चूक. कायदा म्हणतो, लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं. आमच्या फायलीत बाईचं नाव कुठं आहे, कुठं नाही. आवणीला वाकते कोण? तरी नाव लिहिताना विसरलो.

चौथी चूक सगळ्यात वाईट. आमच्यातल्या एका उत्साही साथीनं सगळ्यांना पढवून ठेवलं होतं, "बहात्तर सालापासून कसतो असं सांगा." खोट्या सुनावणीत तिघांनी एका पाठोपाठ तेच वाक्य म्हटलं, शब्दाला शब्द. वनखात्याच्या बाजूनं बसलेल्या पोरीनं तिसऱ्याला शांतपणे विचारलं, "बहात्तर साली तुमचं वय काय होतं?" तो तर तेव्हा जन्मलेलाच नव्हता. हशा झाला, पण खरी सुनावणी असती तर? त्या एका खोट्यापायी बाकीच्या दोघांचं खरंही बुडालं असतं. आणि त्याची गरजच नव्हती. आपल्याला १३ डिसेंबर २००५ च्या आधी कसत होतो एवढंच दाखवायचंय. ७५ वर्षांची, तीन पिढ्यांची अट आदिवासी नसलेल्या वननिवाशांना आहे, आपल्याला नाही.

म्हणून आम्ही नियम केला. सरावात प्रश्नांची सवय करायची, उत्तरं पढवायची नाहीत. माणसाला जे माहीत आहे ते न घाबरता सांगता यावं, एवढ्यासाठीच सराव. जे माहीत नाही ते "माहीत नाही" म्हणायचं.

जिथं थांबावं लागलं

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा हिशोब पुरा होत नाही. दुसऱ्या दिवशी रंगात येऊन गार्ड झालेल्या बाबांनी झाप मोडायचा अभिनय केला, समोरचं मडकं पायानं ढकललं. एक आजी उठून निघून गेली. कुणाच्या लक्षात आलं नाही. नंतर तिच्या सुनेनं सांगितलं, तिचं झाप खरंच मोडलं होतं, आत शिजत ठेवलेलं असताना. ती त्या दिवशी जेवली नाही.

आम्ही रात्री तिच्याकडं गेलो, पोरंही आली. माफी मागितली. ती एवढंच म्हणाली, "तुमचा खेळ, माझं तसं नाय." त्या दिवसापासून ठरवलं की सरावात मारहाण, जाळपोळ, मोडतोड करून दाखवायची नाही. ते सांगायचं असेल तर ज्याचं त्यानं ठरवायचं. आणि कुणीही, लहान पोरानं जरी "बास" म्हटलं तरी तिथंच थांबायचं.

पोरांनाही आम्ही अटी घातल्या. आपल्या माणसांच्या हकिगती म्हणजे त्यांच्या परीक्षेचे ३० मार्क नाहीत. लिहून घेतलेल्या प्रत्येक जबाबाची प्रत ग्रामसभेत राहील. कॉलेजात काही दाखवायचं तर नाव-गाव काढून. आणि ज्यांच्या दाव्याचा सराव केला, त्यांच्या खऱ्या तारखेला निदान दोघांनी तरी यायचं. मॅडमनी ते मान्य केलं. पोरं गेल्यावर आम्हाला वाटलं होतं, आता कोण येतंय. पण आली.

खरी तारीख

भात कापून झाल्यावर आज्याच्या दाव्याची तारीख लागली. त्याच्याबरोबर बांध रचायला आलेला शेजारी होता, त्याचा लेखी जबाब या वेळी नीट केला होता. आमच्यातले दोघं, कॉलेजच्या दोन पोरी. पोरी मागं बसल्या, बोलल्या नाहीत. बोलला आजा.

साहेबांनी तेच विचारलं, "ताबा कधीपासून?" आजा थोडा थांबला. मग म्हणाला, "साहेब, ताबा म्हंजी कसणं ना? मग मुंबई बुडाली त्या पावसात माझा बांध फुटला, तेव्हाची नागली होती तिथं. हा गडी माझ्यासंग दगड उचलत होता. इचारा त्याला." शेजाऱ्याला विचारलं. त्यानं त्याच्या शब्दांत सांगितलं.

कारकुनानं लिहिलं. आज्यानं म्हटलं, "काय लिवलं ते वाचून दावा." कारकून चिडला, पण साहेबांनी वाचायला लावलं. एक शब्द चुकला होता, तो दुरुस्त झाला. मग आज्यानं अंगठा दिला.

पट्टा मिळाला, असं आम्ही सांगणार नाही. दावा फेरपाहणीसाठी ग्रामसभेकडं परत आलाय. लढाई बाकी आहे. पण "अमान्य" हा एक शब्द घेऊन तो घरी आला नाही. पुढच्या पाहणीची सूचना आम्ही लेखी दिली आहे, आणि पोच फायलीला लावली आहे.

आता पाड्यांनी काय करायचं

तालुक्यात अजून कितीतरी दाव्यांच्या तारखा लागायच्या आहेत. वकिलीची पोरं प्रत्येक पाड्यावर येणार नाहीत. त्यांच्यासाठी थांबायचंही नाही. खोटी सुनावणी आपली आपण करू शकतो. एक रात्र पुरते.

तारीख लागली की आठ दिवस आधी पाड्यावर बसा. कचेरीचा अनुभव असलेल्या बाईला साहेब करा. शिकलेल्या पोराला कारकून करा आणि त्यानं बोललेलं सगळं लिहून मोठ्यानं वाचावं. दावेदाराला त्याच्या बोलीत विचारा: पहिला राब कुणी भाजला, मोठ्या पावसात तिथं काय होतं, बांध कुणी घातला, विहीर कुणी खणली, गावदेव कुठं, मसणवटा कुठं. विहीर, देवाची जागा, मसणवटा हेही नियमात पुरावा आहेत. दावेदार सोडून एका वडीलधाऱ्याचा जबाब लिहा, तारीख घाला, अंगठा घ्या. पाहणीची सूचना लेखी द्या, पोच घ्या. बाईचं नाव बघा. पढवू नका. आणि कुणी बास म्हटलं की थांबा.

दावा नामंजूर झाला तर निर्णय दावेदाराला समक्ष कळवायचा असतो, आणि कारणं सविस्तर द्यायची असतात. नुसत्या तांत्रिक कारणावरून फेटाळता येत नाही. कळल्यापासून ६० दिवसांत वरच्या समितीकडं अर्ज करायचा. फार तर ३० दिवस वाढवून मिळू शकतात, पण ते साहेबांच्या मर्जीवर. म्हणून पत्र आलं की त्याच दिवशी त्याच्यावर तारीख टाका आणि समितीला दाखवा. उशाखाली ठेवू नका.

साथींनो, २०१३ साली ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बारा गावांच्या ग्रामसभा झाल्या. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की गावांना विचारा. जिल्हा न्यायाधीश समोर बसले होते. डोंगरातली माणसं एकेक करून आपल्या बोलीत बोलली आणि बाराही गावांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं. ते बोलणं लिहून घेतलं गेलं, आणि ते मोजलं गेलं. आपलं बोलणंही मोजलं जातं. म्हणून ते नीट लिहिलं जातंय की नाही हे आपणच बघायचं.

त्या दहा पोरांतली एक पोरगी जाताना म्हणाली की ती इथं शिकवायला आली होती. आम्ही तिला म्हटलं, पुढच्या उन्हाळ्यात परत ये, नागलीची भाकर खाऊ आणि आणखी एक सुनावणी लावू. तोवर आमचे पाडे आपापसात सराव करतील.

जंगल-जमीन कुणाची, कसणाऱ्यांची! जिंदाबाद!